डावी कुशी

डॉक्टर इंगवल्यांनी दंडाला चिकटवलं
पांढरं, गोल, कोटाच्या बटणापेक्षा जरा मोठं.
म्हणाले, चौदा दिवस राहील. अंघोळ करा, काहीही करा.
आत केसाएवढी एक तार आहे,
ती दर पाच मिनिटांनी विचारत राहते, साखर किती.

म्हटलं, डॉक्टर, हे तर आमच्या दुकानात
गिऱ्हाईकच विचारतं.

मोती चौकातून आत वळलं की तिसरं दुकान.
पहाटे चारला मेढ्याकडून दूध येतं, म्हशीचं.
सहापर्यंत खवा, मग तुपावर परतणं,
रंग बदामी, मग विटकरी, आणि त्याच्यापुढचा एक क्षण
ज्याला आमच्यात कुणी नाव ठेवलेलं नाही.
डोळ्याला तो कळत नाही, नाकाला उशिरा कळतो.
चिमूट उचलायची, जिभेच्या टोकावर ठेवायची
अन् म्हणायचं, उतरव.
चाळीस वर्षं अशीच कढई उतरवली.
आता चिमूट तोंडात गेली की थोड्या वेळानं
नाशकात वृषालीच्या फोनवर रेघ चढते.
ती मीटिंगमधून मेसेज टाकते: बाबा?
एवढंच.

मग संपत चाखायला लागला.
चांगला पोरगा, पण जीभ ठेच्यावर पोसलेली.
मंगळवारचा घाणा त्यानं तो क्षण गेल्यावर उतरवला.
कुणाच्या लक्षात आलं नाही.
बॉक्सात भरला, वर रिबीन लागली,
महाबळेश्वरहून परतणाऱ्या गाड्यांत बसून निघून गेला.
माझ्या लक्षात आलं.
माझ्या आकड्यांत ते कुठंच उमटलं नाही.

नवव्या रात्री तीन वाजता फोन किंचाळला.
चौपन्न. लाल आकडा, खाली तोंड केलेला बाण.
शालन झोपेतच म्हणाली, दूध आलं वाटतं.
तेवढ्यात वृषाली: बाबा, घाम आलाय? हात थरथरतायत?
आधी काहीतरी गोड खा, मग बोला.

गोड खा.
सात महिन्यांत हे वाक्य
आमच्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं.

जिना उतरलो. दिवा लावला नाही.
माझ्याच दुकानात कपाटाची काच सरकवताना
चोरासारखी करकरली.
एक घेतला. उभ्यानं नाही खाल्ला,
बाकावर बसून, सावकाश, गिऱ्हाइकासारखा.
फोन कानाला. ती तिकडे माझं चघळणं ऐकत होती.
मग म्हणाली, झोप तर गेलीच आहे,
आणि ऑफिसातल्या एका मुलाचं सांगितलं
जे तिनं दिवसा सांगितलं नसतं.

सकाळी डॉक्टर हसले.
डाव्या कुशीवर झोपला असाल. दंड दाबला गेला
की ती तार घुसमटते, खोटंच कमी दाखवते.
साखर तुमची एकशे तीस असेल. पेढ्यानंतरची विचारू नका.

दहाव्या रात्री मी डाव्या कुशीवर वळलो.
बाराव्या रात्रीही.
तेराव्याला वेळ लागला, उशी दुमडून
दंडाखाली सारावी लागली.
मुलगा कोरेगावकडचा आहे. जात विचारली नाही मी.
तिनंही सांगितली नाही.

चौदाव्या रात्री, अठ्ठावन्न.
पहिल्याच घंटेला मी जिन्यावर होतो.
बाहेर कुत्रंही नव्हतं.
अजिंक्यताऱ्यावरच्या टॉवरचा तांबडा दिवा
लागत होता, विझत होता.
फोन उचलला तर ती बराच वेळ बोललीच नाही.
मग म्हणाली, बाबा,
कुशी बदला.

बदलतो, म्हटलं.
पेढा हातातच होता.
तिकडं पंख्याचा आवाज, नाहीतर तिचा श्वास.
फोन ठेवेल असं वाटलं.
तर तिनंच विचारलं,
आजच्या घाण्यातला आहे ना?
संपतनं उतरवलाय,
की तुम्ही?